पदवीला असताना भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्रात संशोधन कसे सुरू करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भौतिकशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याला खगोलशास्त्रातील संशोधनाचा अनुभव घ्यायचा आहे. गुण मध्यम आहेत, महाविद्यालयात संशोधन फारसे चालत नाही, आणि चाळीस प्राध्यापकांना ईमेल पाठवल्यावर दोघांचीच उत्तरे आली, तीही नकाराची. काम कृष्णविवरांवर करायचे आहे. ते जमणार नसेल तर काय करावे, सुरुवात करण्यापूर्वी किती शिकलेले असावे आणि पदवी हातात पडेपर्यंत एखादा शोधनिबंध नावावर असायलाच हवा का, हेही त्याने विचारले आहे.

अनेक वर्षे मी पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प देत आले आहे आणि दिले त्याहून जास्त जणांना नाही म्हणाले आहे, त्यामुळे नकाराच्या बाजूनेच सुरुवात करते. चाळीस ईमेलना उत्तर आले नाही याचे कारण बहुतेक वेळा गुण हे नसते. तुमच्या पत्रात ‘मला काय हवे आहे’ एवढेच असते आणि वाचणाऱ्याला त्यातून ‘याला मी उद्या सकाळी कोणते काम देऊ’ या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, हे खरे कारण. पदवीच्या विद्यार्थ्याला कामाला लावणे मार्गदर्शकासाठी महाग असते; पहिले दोन महिने तो जितके काम करतो त्याहून जास्त वेळ त्याला शिकवण्यात जातो. तरीही आम्ही विद्यार्थी घेतो, कारण प्रत्येक संशोधकाच्या टेबलावर अशी काही कामे वर्षानुवर्षे पडून असतात जी उपयोगाची असतात, फार अवघड नसतात, पण चिकाटी मागतात आणि ज्यांना हात लावायला कोणाला सवड नसते. पदवीच्या विद्यार्थ्याची संधी बहुधा तिथेच असते. जाहिरात निघालेल्या कार्यक्रमांत ती क्वचित असते, आणि वर्तमानपत्रांत गाजणाऱ्या विषयांत तर जवळजवळ कधीच नसते.

अशा कामातून काय निघू शकते याचे उत्तम उदाहरण २००७ सालचे आहे. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीने २००१ मध्ये मॅजेलनी मेघांच्या (आपल्या शेजारच्या दोन लहान दीर्घिकांच्या) दिशेने पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारे फिरते तारे, शोधण्यासाठी निरीक्षणे घेतली होती. ती निरीक्षणे पल्सारांसाठी तपासून झालेली होती. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात पदवीला असलेल्या डेव्हिड नार्केविक या विद्यार्थ्याला डंकन लोरिमर यांनी त्याच जुन्या नोंदींमध्ये सुटे, एकेकटे स्पंद सापडतात का ते पाहायला बसवले. त्यात २४ जुलै २००१ रोजी नोंदला गेलेला, पाच मिलिसेकंदांहूनही कमी काळ टिकलेला एक अतिशय प्रखर स्पंद निघाला. त्याच्या कमी वारंवारतेच्या लहरी जास्त वारंवारतेच्या लहरींपेक्षा इतक्या उशिरा पोहोचल्या होत्या की तेवढा उशीर करायला आपल्या आकाशगंगेतील इलेक्ट्रॉन पुरेच पडत नव्हते. स्रोत आकाशगंगेच्या फार बाहेर असणे भाग होते. जलद रेडिओ स्फोट हे आज ज्या विषयाचे नाव आहे, तो विषय या नोंदीपासून सुरू झाला. (पुढे याच दुर्बिणीला असेच दिसणारे आणखी काही संकेत मिळाले आणि ते पृथ्वीवरचेच असावेत, अशी शंका बळावली. त्यांचा उगम २०१५ मध्ये सापडला : वेधशाळेतील मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार तो बंद होण्याआधीच उघडले जात होते. मूळ स्फोट मात्र खराच ठरला.) नार्केविकला कोणी ‘नवा विषय शोध’ असे सांगितले नव्हते. दुसऱ्यांनी चाळून ठेवलेली निरीक्षणे वेगळ्या चाळणीने पुन्हा चाळण्याचे काम त्याला दिले होते. असे शोध सर्वांच्या वाट्याला येत नाहीत, पण काम मात्र याच जातीचे येते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की कोणालाही लिहिण्यापूर्वी एक ठाऊक असलेला निष्कर्ष स्वतःच्या हाताने पुन्हा काढून पाहावा. खगोलशास्त्रात याची सोय इतर कोणत्याही शास्त्रापेक्षा चांगली आहे, कारण मोठ्या दुर्बिणींची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात. ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या ‘गाया’ उपग्रहाच्या जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या सूचीत सुमारे १८० कोटी स्रोत आहेत. ‘टेस’ आणि ‘केप्लर’ या ग्रहशोधक अवकाश दुर्बिणींचे प्रकाशवक्र (ताऱ्याचा प्रकाश वेळेनुसार कसा बदलतो याचे आलेख), हबल दुर्बिणीच्या प्रतिमा, स्लोन सर्वेक्षणाचे वर्णपट, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या शोधक-उपकरणांच्या नोंदी हे सारे घरबसल्या उतरवून घेता येते. कणभौतिकीत रस असेल तर सर्न या युरोपीय कणभौतिकी संस्थेच्या खुल्या संग्रहातून म्युऑनांच्या (इलेक्ट्रॉनसारख्याच, पण जड कणांच्या) जोड्या घेऊन त्यांच्या वस्तुमानाचा आलेख काढावा; ३.१, ९.५ आणि ९१ जीईव्हीजवळ (जीईव्ही हे कणांच्या वस्तुमानाचे एकक) एकेक शिखर स्वतःच्या संगणकावर उभे राहिलेले पाहणे हा एक वेगळाच अनुभव असतो.

एक उदाहरण जवळून पाहू. एचडी २०९४५८ या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह दर ३.५२ दिवसांनी ताऱ्याच्या समोरून जातो आणि ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने कमी होतो. समोरून जाताना पकडला गेलेला हा पहिला बहिर्ग्रह, म्हणजे सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह, साल १९९९. संग्रहातून प्रकाशवक्र घ्या, ग्रह समोर नसतानाच्या भागावर सरळ रेषा बसवून तिने भागा, आवर्तकालाने घडी घाला, म्हणजे सगळ्या फेऱ्या एकमेकींवर ठेवा, आणि खड्ड्याची खोली मोजा. ती ०.०१५ आली, तर ग्रह आणि तारा यांच्या त्रिज्यांचे गुणोत्तर तिचे वर्गमूळ म्हणजे ०.१२२. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या १.२ पट धरली आणि सूर्याची त्रिज्या गुरूच्या ९.७ पट आहे हे लक्षात घेतले, तर ग्रहाची त्रिज्या गुरूच्या १.४२ पट निघते. प्रकाशित मूल्ये बहुतेक १.४च्या किंचित खाली आहेत. इथवर एका संध्याकाळचे काम आहे आणि बहुतेक विद्यार्थी ‘जुळले’ म्हणून इथेच थांबतात.

खरे काम यानंतर सुरू होते. उत्तर थोडे जास्त का आले? खड्ड्याचा तळ सपाट का नाही, वाटीसारखा का आहे? ताऱ्याची कड त्याच्या मध्यापेक्षा मंद दिसते, त्यामुळे ग्रह मधल्या तेजस्वी भागापुढे असताना प्रकाश भूमितीने सांगितला त्याहून जास्त अडतो, आणि नुसते वर्गमूळ घेतल्याने त्रिज्या फुगते. शिवाय ताऱ्याची त्रिज्या आपण ‘धरली’ होती. तिची अनिश्चितता उत्तरात किती उतरली? खोली मोजताना रेषा कुठून कुठपर्यंत बसवली, ती थोडी सरकवली तर आकडा किती हलतो? या प्रश्नांची उत्तरे दोन पानांत, आलेखासह लिहून काढणारा विद्यार्थी माझ्याकडे आला, तर मी त्याची गुणपत्रिका बहुधा मागतही नाही. उत्तर कमी-जास्त आले तरी चालते. ते का आले आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे त्याने स्वतःहून विचारले की मला पुरते.

याच कामाला लागून खरे संशोधनही आहे. एखाद्या ग्रहाचा आवर्तकाल अर्ध्या सेकंदाने चुकीचा ठरवलेला असेल, तर सातशे फेऱ्यांनंतर अधिक्रमणाचे, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाण्याच्या वेळेचे, भाकीत जवळजवळ सहा मिनिटांनी चुकते. आणि मोठ्या दुर्बिणीचा वेळ मोजून मापून मिळत असल्याने अशी चूक परवडत नाही. त्यामुळे लहान दुर्बिणींनी अधिक्रमणांच्या वेळा पुन्हा पुन्हा मोजत राहण्याची गरज आहे. नासाचा ‘एक्सोप्लॅनेट वॉच’ आणि युरोपच्या ‘एरियल’ मोहिमेसाठी चाललेला ‘एक्सोक्लॉक’ हे दोन्ही उपक्रम विद्यार्थ्यांची आणि हौशी निरीक्षकांची मोजमापे स्वीकारतात. डब्ल्यूएएसपी-१२बी या ग्रहाची कक्षा आक्रसत असल्याचे अशाच वर्षानुवर्षे जमवलेल्या वेळांवरून कळले. त्याचा आवर्तकाल वर्षाला सुमारे तीस मिलिसेकंदांनी घटतो. हा आकडा नगण्य वाटतो, पण ग्रह दिवसाला जवळजवळ एक फेरी मारत असल्याने दहा वर्षांत एकूण फरक आठ मिनिटांच्या घरात जातो. हे गणित स्वतः करून पाहावे.

वेळेची गोष्ट निघालीच आहे, तर माझ्या एका विद्यार्थिनीचा प्रसंग सांगते. तिने लहान दुर्बिणीवर एका ग्रहाची सहा अधिक्रमणे मोजली आणि ‘टेस’च्या नोंदींवरून काढलेल्या भाकिताशी ताडून पाहिली. सरासरी काढल्यावर ग्रह एक मिनिट आणि काही सेकंद आधीच येत होता. कक्षा बदलते आहे, दुसरा ग्रह ओढतो आहे, अशा चर्चा आठवडाभर रंगल्या. मलाही मोह झाला हे कबूल करते. मग तिने स्वतःच वेळेच्या रकान्याचे शीर्षक नीट वाचले. ‘टेस’च्या वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याशी नेलेल्या (म्हणजे प्रकाश तिथे केव्हा पोहोचला असता त्या) असून एकसमान गतिकीय कालमानात असतात; तिने स्वतःच्या वेळा गुरुत्वमध्याशी नेल्या होत्या, पण कालमान संगणकाच्या घड्याळाचेच, म्हणजे समन्वित वैश्विक वेळेचे ठेवले होते. या दोन कालमानांत २०१७ पासून ६९.१८४ सेकंदांचा फरक आहे. तिचा ग्रह अगदी तेवढ्याच सेकंदांनी ‘लवकर’ येत होता. गुरुत्वमध्याची दुरुस्तीही राहिली असती, तर पृथ्वीच्या कक्षेमुळे वर्षभरात आठ मिनिटांपर्यंत मागेपुढे होणारी सुबक लाट तिला दिसली असती आणि तिच्यावर तर आम्ही महिनाभर हुरळलो असतो. तो आठवडा वाया गेला असे मी मानत नाही. नव्या विद्यार्थ्याला मी आजही पहिल्या दिवशी रकान्यांची शीर्षके मोठ्याने वाचायला लावते.

खगोलशास्त्राच्या मोहात प्रयोगशाळेकडे दुर्लक्ष होते, हे मला खटकते. घन अवस्था, प्रकाशिकी, निर्वात तंत्र, अतिशीत तापमान यांवर काम करणाऱ्या गटांना हातांची गरज सतत असते, तिथे अर्जांची गर्दी तुलनेने कमी असते, आणि तिथे शिकलेल्या गोष्टी खगोलशास्त्रातही उपयोगी पडतात, कारण प्रत्येक दुर्बिणीच्या मागे अखेर एक शोधक, म्हणजे संकेत टिपणारे उपकरण, आणि त्याचा गोंगाट असतो. महाविद्यालयात संशोधनाचे वातावरण नसले, तरी एखाद्या शिक्षकाच्या संमतीने उभा राहू शकेल असा एक प्रयोग म्हणजे वैश्विक किरणांतील म्युऑन मोजण्याचा. ‘कॉस्मिक वॉच’ या नावाने एमआयटीत विकसित झालेल्या तळहाताएवढ्या शोधकाचा आराखडा खुला आहे. तो बांधणे हा अर्धा प्रकल्प. उरलेला अर्धा म्हणजे त्याच्याकडून काहीतरी खरे शिकणे.

समजा, हवेचा दाब वाढला की म्युऑनांचा दर घटतो, हे मोजायचे आहे. दाब एक हेक्टोपास्कलने वाढल्यावर दर साधारण टक्क्याच्या एकदशांशाने उतरतो, म्हणजे दहा हेक्टोपास्कलला एक टक्का. समुद्रसपाटीला आडव्या पृष्ठभागाच्या दर चौरस सेंटिमीटरवरून मिनिटाला अंदाजे एक म्युऑन जातो. पाच सेंटिमीटर बाजूच्या पट्टीतून मिनिटाला पंचवीस. आता एक टक्क्याचा फरक ‘दिसला’ असे म्हणायचे, तर त्या फरकातील अनिश्चितता त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त नसावी. दोन्ही दाबांना सारखेच, समजा एन, कण मोजले तर फरकाची सापेक्ष अनिश्चितता दोन भागिले एन याचे वर्गमूळ, ती ०.३३ टक्का हवी असेल तर एन सुमारे १,८०,००० निघतो. मिनिटाला पंचवीस या दराने हे ७,२०० मिनिटे, म्हणजे पाच दिवस झाले, तेही प्रत्येक दाबाला. त्यात एकटा शोधक गॅमा किरणांनाही मोजतो, म्हणून दोन शोधक एकावर एक ठेवून दोघांत एकाच वेळी उमटलेले स्पंदच धरावे लागतात. तसे केले की दर घसरतो आणि पाच दिवसांचे कित्येक दिवस होतात. हवा काही आपल्या सोयीने दहा हेक्टोपास्कल वर जाऊन पाच दिवस थांबत नाही, त्यामुळे महिनाभराच्या नोंदी घेऊन दर आणि दाब यांचा आलेखच काढावा लागतो, आणि खोलीच्या तापमानाने शोधकाची संवेदनशीलता सरकते आहे का हेही शेजारी तपासत राहावे लागते. हा हिशेब कामाला हात घालण्यापूर्वी कागदावर मांडणे यालाच मी संशोधनाची सुरुवात समजते. दोन महिन्यांच्या सुट्टीत कोणता प्रश्न मावतो आणि कोणता मावत नाही, हे त्यातून अर्ध्या तासात कळते.

कृष्णविवरांबद्दल. विषय सोडा असे मी म्हणत नाही, पण ‘कृष्णविवरांवर काम’ या शब्दांचा अर्थ नेमका करा. घटनाक्षितिजाच्या आत काय होते यावर पदवीच्या दुसऱ्या वर्षी कोणी काम देणार नाही, कारण त्यासाठी लागणारे व्यापक सापेक्षतेचे गणित अजून तुमच्या हातात नाही. मध्यातील कृष्णविवरामुळे झळाळणाऱ्या एखाद्या सक्रिय दीर्घिकाकेंद्राची तेजस्विता दहा वर्षांत कशी बदलली, कृष्णविवर सोबत्याचे द्रव्य ओढत असलेल्या क्ष-किरण जोडताऱ्याचा उद्रेक किती दिवसांत ओसरला, १४ सप्टेंबर २०१५च्या पहिल्या गुरुत्वीय लहरीच्या नोंदीतील गोंगाट कसा वेगळा काढतात, ही मात्र कृष्णविवरांचीच कामे आहेत आणि ती तुमच्या आवाक्यातली आहेत. शेवटचे फक्त सरावासाठी करावे. हजारो जणांनी ते केलेले आहे. सैद्धांतिक कामाची ओढ असेल तर संगणकीय बाजूने शिरावे. द्विमितीय आयझिंग प्रतिमानाचा (जाळीवर मांडलेल्या छोट्या चुंबकांच्या सोप्या नमुन्याचा) प्रोग्रॅम स्वतः लिहून, ऑन्सागर यांनी १९४४ मध्ये काढलेले २.२६९ हे संक्रमण-तापमान त्यातून निघते का, आणि जाळी लहान ठेवली की ते का सरकते, एवढे दाखवता आले तर सांख्यिकीय भौतिकीच्या कोणत्याही गटाशी बोलायला तुमच्याकडे विषय आहे.

आता पत्र. चाळीस जणांना एकच मजकूर पाठवणे थांबवावे. सहा-सात जणांची निवड करावी, प्रत्येकाच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या एका शोधनिबंधाचा सारांश, आकृत्या आणि शेवटचा भाग नीट वाचावा. लेखक ‘हे पुढे तपासायला हवे’ असे शेवटी लिहितात ना, पडून राहिलेली कामे तिथेच दिसतात. शोधनिबंध मिळवायला अडचण नाही. १९९१ पासून चालू असलेल्या ‘अर्काइव्ह’ (arXiv) या संकेतस्थळावर भौतिकशास्त्रातले बरेचसे विनामूल्य असतात. प्राध्यापकाऐवजी गटातील पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला किंवा पोस्टडॉकला (पीएच.डी.नंतर संशोधन करणाऱ्याला) लिहिले, तर उत्तर येण्याची शक्यता माझ्या अनुभवात वाढते, कारण रोजची अडलेली कामे त्यांच्याच डोक्यात असतात. पत्र साधारण असे असावे :

‘आदरणीय मॅडम, मी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपल्या गटाच्या गेल्या वर्षीच्या निबंधातील चौथ्या आकृतीत तीन ग्रहांच्या वेळा भाकितापासून दूर दिसतात आणि नव्या निरीक्षणांची गरज आपण नोंदवली आहे. त्यांपैकी एका ग्रहाची खुल्या संग्रहातील चार अधिक्रमणे मी मोजली; आलेख आणि दोन पानांची टिपणे सोबत जोडली आहेत. माझ्या वेळांतील अनिश्चितता आपल्या वेळांच्या तिप्पट येते आणि तिचे कारण मला नीट कळलेले नाही. उरलेल्या दोन ग्रहांवर आठवड्याला आठ तास याप्रमाणे चार महिने काम करण्याची माझी तयारी आहे. या संदर्भात पंधरा मिनिटे बोलता येईल का?’

यात स्तुती नाही, लहानपणापासूनच्या ताऱ्यांच्या ओढीची कहाणी नाही, आणि जे जमले नाही ते स्पष्ट लिहिले आहे. ‘तिप्पट येते आणि कळलेले नाही’ या वाक्यावर माझे लक्ष सर्वांत आधी जाईल. दोन आठवड्यांत उत्तर न आल्यास एकदा आठवण करावी, नंतर थांबावे.

औपचारिक उन्हाळी कार्यक्रमांना अर्ज जरूर करावा, पण सारा भार त्यांच्यावर ठेवू नये. सर्नचा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम १९६०च्या दशकापासून चालू आहे, त्याला सदस्य नसलेल्या देशांतील विद्यार्थीही अर्ज करू शकतात, पण विद्यापीठातील किमान तीन वर्षांचे शिक्षण पूर्ण झालेले असावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या निधीवर चालणारे पदवी-संशोधनाचे कार्यक्रम पुष्कळ आहेत, मात्र त्यांचे विद्यावेतन तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळते. तेव्हा नियम वाचताना सर्वांत आधी नागरिकत्व आणि पूर्ण झालेली वर्षे या दोन ओळी पाहाव्यात. अनेक अर्ज तिथेच बाद होतात. बहुतेक कार्यक्रमांच्या मुदती सुट्टीच्या कित्येक महिने आधी संपतात आणि शिफारसपत्रे लागतात. शिफारस करणाऱ्याने तुम्हाला काम करताना पाहिलेले असेल तरच त्या पत्राला वजन येते, त्यामुळे स्वतःच्या महाविद्यालयातील एखाद्या शिक्षकाबरोबर केलेले लहानसे काम इथेही उपयोगी पडते.

किती शिकून यावे, याचे उत्तर छोटे आहे : पायथॉनमध्ये फाइल वाचणे, आलेख काढणे आणि वक्र बसवणे, सांख्यिकीतील अनिश्चिततेचे मूलभूत नियम, आणि कोडच्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सवय. उरलेले काम करतानाच येते. ‘आधी सगळे शिकून घेतो, मग संशोधन’ असे म्हणणारे विद्यार्थी पदवी संपेपर्यंत शिकतच राहिलेले मी पाहिले आहेत. मध्यम गुणांचे म्हणाल, तर उच्च शिक्षणाच्या प्रवेशात ते नडू शकतात हे खरे आहे आणि केवळ प्रकल्पाने ते झाकले जात नाहीत. आठवड्याला आठ-दहा तासांहून जास्त वेळ देऊन परीक्षा बिघडवू नका. सुट्टीत पूर्णवेळ द्या.

शोधनिबंध नावावर असायलाच हवा का? नाही. चार-सहा महिन्यांच्या कामातून निबंध निघाला तर आनंद आहे, पण बहुतेक प्रामाणिक प्रकल्पांतून तो निघत नाही, आणि निवड समितीत बसणाऱ्यांना हे ठाऊक असते. ठरावीक रक्कम घेऊन दोन आठवड्यांत काहीही छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून मात्र कटाक्षाने दूर राहावे. अशा निबंधाने अर्ज बळकट होत नाही, उलट ‘मार्गदर्शक कोण होते?’ अशी शंका उत्पन्न होते. काम खरोखर पूर्ण झालेले आणि लहान असेल, तर अमेरिकन खगोलशास्त्रीय संस्थेच्या ‘रिसर्च नोट्स’सारखी जागा आहे, जिथे छोट्या नोंदी संपादकांनी पाहून, पण तज्ज्ञपरीक्षणाविना प्रसिद्ध होतात. लेखकांच्या यादीत नाव येईल की आभारांत, हा विषय विद्यार्थी संकोचाने टाळतात आणि शेवटी मन कडू होते. तो प्रकल्पाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सरळ विचारावा; चांगल्या मार्गदर्शकाला त्याचा राग येत नाही.

मार्गदर्शक निवडताना तुम्हालाही काही विचारण्याचा अधिकार आहे. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांपैकी एकाशी बोलावे आणि दोनच गोष्टी विचाराव्यात : आठवड्यातून एकदा कोणी भेटत होते का, आणि तीन महिन्यांनंतर काय हाती लागले. नामवंत गटात सहा महिने कोणीच न विचारल्यामुळे कंटाळून गेलेले विद्यार्थी माझ्याकडे आलेले आहेत. त्यांच्यापेक्षा अपरिचित शिक्षकाकडे दर शुक्रवारी आलेख घेऊन बसणारे कितीतरी पुढे गेले. भेटीला जाताना आठवड्याचे एक पान न्यावे : काय केले, काय फसले, एक आलेख, एक प्रश्न. फसलेले लपवू नये. ज्या आठवड्यात काहीच झाले नाही, त्या आठवड्यातही ‘परीक्षा होती, काम झाले नाही’ एवढी एक ओळ पाठवावी. विद्यार्थी अचानक गप्प झाला की मार्गदर्शक त्याचे काम मनातल्या मनात दुसऱ्याला देऊन टाकतो.

शेवटचा एक आठवडा काम हवाली करण्यासाठी राखून ठेवावा, जो जवळजवळ कोणीच ठेवत नाही. कच्ची निरीक्षणे एका फोल्डरमध्ये, कोड दुसऱ्यात, आणि सोबत एका पानावर लिहिलेले, की कोणती फाइल आधी चालवायची, कोणते आकडे हाताने भरले आहेत आणि ते का, कोणत्या रात्रीची निरीक्षणे ढगांमुळे टाकून दिली, कोणती शंका अजून फिटलेली नाही. मग एखाद्या मित्राला ते पान देऊन, तुम्ही शेजारी न बसता, शेवटचा आलेख त्याच्या संगणकावर उमटतो का ते पाहावे. पहिल्या खेपेला तो उमटत नाही. बहुधा एखादा मार्ग तुमच्याच संगणकाचा लिहिलेला असतो किंवा एखादी फाइल डेस्कटॉपवर राहून गेलेली असते. वर सांगितलेल्या विद्यार्थिनीच्या पानावर पहिलीच ओळ ‘सर्व वेळा कोणत्या कालमानात आहेत’ ही होती. तिच्यानंतर त्या प्रकल्पावर आलेल्या दोघांनी तेच फोल्डर उघडून काम पुढे नेले, आणि तिचे शिफारसपत्र लिहायला बसले तेव्हा तेच पान मी समोर ठेवले होते.